तिजोरीला लागलेली दारू

10 जून 2025 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. स्वस्त गटातल्या विदेशी मद्यावर, म्हणजे देशातच बनणाऱ्या व्हिस्की-रमवर, जाहीर उत्पादनमूल्याच्या तिप्पट असलेले शुल्क साडेचार पट झाले. देशी दारूवर प्रूफ लिटरमागे 180 रुपये होते, ते 205 झाले. देशीच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरली. या साऱ्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील, असे सरकारने सांगितले. सहा आठवड्यांनी, 24 जुलैला, भारताने ब्रिटनशी व्यापार करार केला. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचे 150 टक्के आयात शुल्क कराराच्या अंमलबजावणीबरोबर 75 टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर आणायचे ठरले.

मुंबईने दारू महाग केली, दिल्लीने स्वस्त करायचे कबूल केले. पहिल्या निर्णयाची चर्चा राज्याच्या तुटीच्या अंगाने झाली, दुसऱ्याची निर्यातीच्या संधींच्या अंगाने. माणसे किती पितील, कोण पिऊ लागेल, घरात काय होईल, हे प्रश्न दोन्हीकडे कडेला राहिले. राज्यघटनेच्या 47व्या अनुच्छेदात मात्र सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे आणि त्याच वाक्यात मादक पेये व द्रव्ये यांच्यावरील बंदीचा उल्लेख आहे.

दारूबंदी हवी की नको, गांजा कायदेशीर करावा की नाही, हे वाद आपल्याकडे उत्साहाने घातले जातात. एक बाजू नैतिकतेचे आणि उद्ध्वस्त संसारांचे दाखले देते, दुसरी व्यक्तिस्वातंत्र्याचे आणि बंदीच्या अपयशाचे. दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. पण या वादाच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो आधी विचारायला हवा. नशेच्या पैशाची सरकारला किती गरज आहे? ती गरज जोवर मोठी आहे, तोवर बंदी असो वा परवानगी, निर्णय पिणाऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हिताने होणार नाही. तो तिजोरीच्या सोयीने होईल. हे आजचे नाही, याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्याच मुंबईत घडला.

माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. बंगालात ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊन अफू पिकवून घेतली जाई. माळवा मात्र शिंदे-होळकरांसारख्या संस्थानिकांचा, तिथे ती पद्धत लागू करता येईना. मग कंपनीने पासाची पद्धत काढली. मुंबईपर्यंत माल आणायचा तर पेटीमागे ठरावीक रक्कम भरून पास घ्यायचा. 1830 मध्ये ही रक्कम 175 रुपये होती. व्यापाऱ्यांना दुसरी वाट मोकळी होती. राजपुतान्यातून सिंधमार्गे कराचीला उंट न्यायचे, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला, तिथून चीनला. पास महाग वाटला की माल त्या वाटेने जाई. म्हणून 1835 मध्ये पासाची रक्कम 125 रुपयांवर आणावी लागली. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि त्याच वर्षी पास 200 रुपयांचा झाला. दोन वर्षांनी 300, 1847 मध्ये 400.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. दहा-बारा वर्षांत अफूचा चिनी माणसाच्या शरीरावरचा परिणाम बदलला नव्हता. बदलली होती ती चोरवाट. कर किती लावायचा हे अफू किती घातक आहे यावर कधीच ठरले नाही, ती दुसऱ्या कुठल्या वाटेने निसटेल यावर ठरले. अफूने मुंबईत श्रीमंती आणली, त्या श्रीमंतीतून देणग्या आल्या. जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या जमशेदजी जीजीभाई यांच्या व्यापारातही चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. एका देशातल्या व्यसनातून दुसऱ्या देशात रुग्णालय उभे राहू शकते, हे मान्य करूनच या विषयाचा विचार करावा लागतो. नशेच्या पैशातून चांगली कामे होत नाहीत असे कोणी म्हणू नये, ती होतात. त्या कामांसाठी मग नशा चालू ठेवावी लागते, ही खरी अडचण आहे.

चोरवाटेचा तोच हिशेब 2021 मध्ये पुन्हा दिसला. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचे विशेष शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले. कारण असे दिले गेले की किमती इतर राज्यांच्या बरोबरीला आल्या की चोरटी आवक थांबेल आणि अधिकृत विक्री वाढेल. वर्षाला एक लाख बाटल्या विकल्या जातात त्या अडीच लाख होतील, महसूल शंभर कोटींवरून अडीचशे कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज होता. खप अडीच पट व्हावा हा राज्य सरकारचा अधिकृत हेतू! गोव्याच्या हद्दीवर हेच रोज चालते. गोव्यात शुल्क कमी, म्हणून बांद्याजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक गाड्या थांबवून डिक्क्या उघडायला लावतात. गोव्याची बाटली सापडली तर गुन्हा होतो तो महाराष्ट्राचा कर बुडाला म्हणून. पिणाऱ्याच्या यकृताला दोन्ही बाटल्या सारख्याच.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली दारू स्वस्त होती आणि घरोघरची होती तेव्हाही सरकारला तिचे हे विकेंद्रित रूप नको होते. 1878 चा अबकारी कायदा आला आणि माडी काढणाऱ्यांवर झाडामागे कर बसला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मक्त्यांकडे वळवली गेली. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच कायद्याने निर्बंध आले. ज्या झाडाची फुले आदिवासी खात होते, वाळवून ठेवत होते, ती फुले गुन्ह्याचा पुरावा झाली. नैतिकतेचा दाखला देऊन केलेला हा बंदोबस्त महसुलासाठी होता. घरची दारू बंद केल्याशिवाय मक्त्याची दारू खपणार नव्हती. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेट यांना, पत्र लिहून विरोध केला. लोकांच्या आरोग्याची जबाबदारी घेतलेल्या संस्थेने आरोग्य बिघडवणाऱ्या गोष्टीकडे डोळेझाक कशी करावी, हा त्यांचा प्रश्न होता. तो अजून तसाच उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहाने मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. तो कायदा अजून आहे, नाव तेवढे महाराष्ट्राचे झाले. त्याच कायद्याखाली आज परवाने दिले जातात, दुकाने चालतात, शुल्क गोळा होते. पिणाऱ्यालाही नियमाने परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. बंदीच्या चौकटीत विक्रीचा एवढा मोठा व्यवहार बसवायला कोणाला काही वाटले नाही, कारण चौकटीपेक्षा उत्पन्न महत्त्वाचे होते.

ही ओढ 2017 नंतर अधिक वाढली आणि त्याचे कारण राष्ट्रीय करव्यवस्थेत आहे. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला. राज्यांच्या हातातले विक्रीकर, जकात, प्रवेशकर एका झटक्यात गेले. जीएसटी परिषदेत राज्याला मत आहे, पण आपल्या मर्जीने दर बदलायचा अधिकार नाही. घटनेने जीएसटीतून पूर्ण वगळले ते मानवी सेवनासाठीचे मद्य. पेट्रोल-डिझेल परिषद ठरवेल तोपर्यंत बाहेर आहे. मुद्रांक शुल्क, वाहनकर सोडले तर अर्थमंत्र्याला एका बैठकीत वाढवता येईल असा कर म्हणजे इंधनाचा आणि दारूचा. इंधन महागले की भाजीपासून एसटीपर्यंत सगळे ओरडतात. दारू महागली तर ओरडणारा संकोचतो. म्हणून पैसे कमी पडले की हात दारूकडे जातो. हा एखाद्या पक्षाचा दोष नाही, सगळ्या पक्षांच्या सरकारांनी हेच केले आहे. तमिळनाडूत तर 2003 पासून किरकोळ विक्रीच टास्मॅक या सरकारी कंपनीकडे आहे आणि तिथला महसूल वर्षाला चाळीस हजार कोटींच्या वर आहे. तिथल्या प्रत्येक निवडणुकीत दारूबंदीचे आश्वासन दिले जाते आणि प्रत्येक अर्थसंकल्पात ते बाजूला पडते.

महाराष्ट्रात ऑगस्ट 2024 पासून पात्र महिलांच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये जमा होऊ लागले. गरीब घरातल्या बाईला स्वतःच्या नावावर पैसे मिळणे ही मोलाची गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण किमान 80 रुपयांची देशी नवरा रोज एक घेत असेल तर महिन्याला 2,400 रुपये त्याच घरातून जातात. त्यातला मोठा भाग शुल्क म्हणून राज्याच्या तिजोरीत येतो. घरात आलेले पैसे आणि घरातून गेलेले पैसे यांचा एकत्र हिशेब मांडलेला मी अर्थसंकल्पाच्या कुठल्याही चर्चेत ऐकलेला नाही. तो मांडायला हवा.

आता बंदीच्या बाजूने विचार करू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेने तिथे दारू-तंबाखूविरोधात दीर्घकाळ काम केले आहे, गावोगावच्या महिलांना त्यात उतरवले आहे. शेजारच्या चंद्रपुरात श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने महिला 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 ला तिथे बंदी आली आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, त्या धंद्यात महिला आणि मुले ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे दिली गेली. पहिली दोन कारणे खोटी नव्हती. बनावट दारू काय करते हे 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत दिसले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे गेली, आणि तिथे तर बंदी नव्हतीही. बनावट दारू बंदीमुळेच येते असे नाही, अधिकृत दारू गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली तरी ती येते. म्हणून केवळ शुल्क वाढवत जाणे हा आरोग्याचा मार्ग आहे असे मला वाटत नाही.

पण चंद्रपूरच्या कारणांत महसूल येणे मला खटकते. अंमलबजावणी फसली म्हणून बंदी उठवली असती तर त्यावर प्रामाणिक वाद होऊ शकला असता. पोलिस आणि उत्पादन शुल्क विभागाला किती माणसे दिली, शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी दारू कोणाच्या दुकानातून निघत होती, व्यसनमुक्तीची किती केंद्रे उघडली, हे विचारता आले असते. बुडालेल्या महसुलाचा आकडा पुढे आला की हे सगळे प्रश्न मागे पडतात.

गांजाच्या वादातही मला हीच भीती वाटते. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने भारतभर साक्षी घेतल्या आणि पूर्ण बंदीची गरज नाही असे म्हटले. 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, भांगेचे पान मात्र व्याख्येबाहेर ठेवले. नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकण्याच्या मी विरोधात आहे. याच कायद्याच्या 64 अ कलमात उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सवलत आहे आणि ती आधी नीट वापरली जावी. पण गांजा खुला केला तर एवढे कोटी कर मिळेल, हा युक्तिवाद पुढे आला की मी त्या बाजूने उभा राहणार नाही. आज कर म्हणून घेतलेले पैसे उद्या कर्मचाऱ्यांच्या पगारात मिसळतात आणि परवा ते कमी करणे कोणालाच परवडत नाही.

यातून मार्ग निघतो. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांहून कडक मद्याची जवळजवळ सगळी किरकोळ विक्री सिस्टेमबोलागेट ही सरकारी कंपनी करते. तमिळनाडूतही विक्री सरकारी आहे, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वीडनच्या कंपनीला नफा वाढवण्याचे उद्दिष्ट नाही. एकावर एक स्वस्त अशी विक्री नाही, शनिवारी दुपारी दुकान बंद होते ते सोमवारपर्यंत. दारू मिळते, पण ती खपवण्यात कोणाचाच फायदा ठेवलेला नाही. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येणार नाही. मळीपासून मद्य काढणारे साखर कारखाने आहेत, 2007 च्या धोरणापासून धान्यापासून मद्य काढणारे आहेत, आणि 2025 मध्ये तर महाराष्ट्रातच धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा स्वतंत्र प्रकार स्थानिक उत्पादकांसाठी निर्माण केला गेला. एवढ्या हितसंबंधांतून वाट काढायची तर सुरुवात राज्याच्या जमाखर्चापासूनच करावी लागेल. राज्याच्या स्वतःच्या कर-उत्पन्नात दारूचा वाटा दरवर्षी किती, तो पुढच्या दहा वर्षांत किती खाली आणणार, आणि त्याची भर कशातून करणार, हे अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगावे. मोठ्या शहरांतल्या मालमत्तांचे मूल्य आणि बांधकामासाठी वाढवून दिलेल्या चटईक्षेत्राचा लाभ, यांतून मिळू शकणारा वाटा अजून पुरेसा घेतला जात नाही. केंद्राचे उपकर आणि अधिभार राज्यांत वाटले जात नाहीत, त्याविरुद्ध भांडायलाही भरपूर जागा आहे.

दुसरी गोष्ट गावाच्या हातातली. आपल्याकडे गावातले दुकान महिलांच्या मतदानाने बंद करता येते. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची पडताळणी होते, मग मतदानाचा दिवस ठरतो. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही हे कळते. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. नुसती मतदानाला आलेल्यांची बहुसंख्या पुरत नाही. ऊसतोडीला गेलेली, मजुरीला मुंबईला गेलेली, लग्न होऊन सासरी गेली तरी यादीत नाव राहिलेली, या सगळ्या जणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. मृत्यू होऊनही नाव न वगळलेलीसुद्धा. सरपंच, आमदार, खासदार निवडताना आपण आलेली मतेच मोजतो. दारूचे दुकान चालू ठेवण्यासाठी वेगळा नियम का, याचे उत्तर सरकारने त्या महिलांना द्यावे आणि तोवर नियम बदलून झालेल्या मतांच्या बहुमतावर दुकान बंद करावे. त्यासाठी नवा कर लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही, नियमात दुरुस्ती लागते.