गुरांचे गणगोत आणि बंदुकीचा काळ

दिंका हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. हे लोक स्वतःला जिएंग म्हणवतात. दक्षिण सुदानमधला हा सर्वांत मोठा जनसमूह. पांढऱ्या नाईलच्या दोन्ही अंगांना, बहर-अल-गझलच्या सपाट प्रदेशापासून बोरच्या काठापर्यंत त्यांची वस्ती आहे. रेक, मलुआल, अगार, न्गोक, बोर अशा त्यांच्या अनेक शाखा. पण सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक राजा त्यांच्यात कधी झाला नाही. पावसाळ्यात नदी पसरते, मैलोन्‌मैल दलदल होते. तेव्हा माणसे उंचवट्यावरच्या गावांत राहून ज्वारी पिकवतात. पाणी ओसरले की तरुण मंडळी गुरे घेऊन नदीकाठच्या कुरणांत, म्हणजे ‘तोइच’वर, उतरतात. दिवाळीच्या सुमारास घाटावरून कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही ये-जा परकी वाटणार नाही.

कुरणातल्या गुरांच्या तळाला ‘वुत’ म्हणतात. संध्याकाळी गुरे परततात आणि प्रत्येक जनावर आपापल्या खुंट्यापाशी येऊन उभे राहते. वाळलेल्या शेणाच्या धुन्या पेटतात, धुराने डास हटतात आणि मागे उरलेली पांढरी राख माणसे अंगाला फासतात. तळावर एखादा तरुण आपल्या बैलाभोवती फिरत गात असतो. बैलाच्या शिंगांना लहानपणीच काप देऊन हवा तसा बाक आणलेला, टोकांना गोंडे, गळ्यात घंटा. गाणे त्या तरुणाने स्वतः रचलेले असते आणि ते बैलाच्या रंगाचे, शिंगांचे, चालीचे असते.

रंगाची ही गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. मराठीत ढवळा, पवळा, तांबडा, बांडा, कोसा, मोरा असे शब्द आहेत. दिंका भाषेत त्याहून कितीतरी अधिक आहेत आणि ते गोठ्यापुरते राहत नाहीत. पांढरा तो मबिओर, तांबडा तो मलुआल, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या डोक्याचा तो माकुएइ, कारण मासे पकडणाऱ्या गरुडाचे डोके तसेच पांढरे असते. मानववंशशास्त्रज्ञ गॉडफ्रे लीनहार्ट १९४७ ते १९५० या काळात दिंकांमध्ये राहिले. १९६१ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की दिंका माणूस ऊन-सावली, पक्षी, प्राणी हे सारे गुरांच्या रंगांतून पाहतो. तरुणाला त्याच्या बैलाच्या रंगावरूनच हाक मारतात. पनवेल-कामोठ्याच्या आगरी गावांत शर्यतीच्या बैलावरून मालकाची ओळख सांगितली जाते. दिंकांमध्ये ही ओळख माणसाचे नावच होऊन बसते. पुढे दक्षिणेच्या बंडाचे नेतृत्व करणाऱ्या जॉन गरांग द मबिओर यांच्या नावातला मबिओर म्हणजे हाच पांढरा बैल.

मुलगा वयात आला की त्याच्या कपाळावर खोल रेघा कापतात. वेदनेने तोंडातून आवाज निघता कामा नये. त्या दिवसापासून तो दूध काढत नाही. ते काम बायकामुलांचे. लग्नात वरपक्षाने गुरे द्यायची, ती एकट्या बापाच्या गोठ्यातून येत नाहीत. काका, मामा, चुलतभाऊ आपापला वाटा घालतात आणि वधूकडेही ती तशीच नातलगांत वाटली जातात. खून झाला तर भरपाईही गुरांचीच. म्हणजे कोणाची गाय कोणाच्या दावणीला आहे, हे कळले की कोण कोणाचे सोयरे, हे कळते. न्हिआलिक, म्हणजे वरचा, आकाशातला देव. त्याच्यापुढे ‘बेनी बिथ’ हे मासेमारीच्या भाल्याचे मानकरी प्रार्थना करतात आणि बळी देतात. गाईवरचे प्रेम आणि गाईचा बळी यांत दिंकांना विरोध दिसत नाही. मराठी वाचकाने इथे आपली गोपूजा त्यांच्यावर लादू नये. त्यांच्या दृष्टीने माणसाच्या वतीने देवासमोर उभे राहण्याचा मान गुराचा आहे.

दिंकांचा प्रदेश तेव्हा सुदानचाच दक्षिण भाग होता. सुदान स्वतंत्र होण्याआधीच, ऑगस्ट १९५५ मध्ये, तोरितला दक्षिणेकडच्या सैनिकांनी बंड केले. ते पहिले युद्ध १९७२ च्या आदिस अबाबा कराराने थांबले आणि दक्षिणेला स्वायत्तता मिळाली. पण १९७८ मध्ये बेंटिऊच्या परिसरात तेल सापडले. त्याच वर्षी जोंगलेई कालव्याचे खोदकाम सुरू झाले. नाईलचे पाणी दलदलीत मुरू न देता ३६० किलोमीटरच्या चरातून थेट उत्तरेला नेण्याची ती योजना होती. दलदलीत मुरणारे पाणी अभियंत्यांच्या हिशेबात वाया जात होते, दिंकांच्या गुरांसाठी तोच चारा होता. गरांग यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली ती या कालव्याच्या प्रदेशावरच. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी स्वायत्तता मोडीत काढली, इस्लामी कायदा लागू केला. मे महिन्यात बोरच्या छावणीत बंड झाले आणि दुसरे युद्ध पेटले. कालव्याचे कामही त्यातच बंद पडले.

खार्तूमच्या सरकारने या युद्धात सीमेवरच्या अरब पशुपालक टोळ्यांना शस्त्रे दिली. या ‘मुराहिलीन’ टोळ्यांनी बहर-अल-गझलमधली गावे जाळली, गुरे हाकून नेली, बायकामुलांना पळवून गुलामीत ठेवले. मार्च १९८७ मध्ये अल-दाइन येथे हजाराहून अधिक दिंका मारले गेले. १९८८ च्या दुष्काळात सुमारे अडीच लाख माणसे दगावली. दुष्काळ निव्वळ पाऊस न झाल्याने आलेला नव्हता; गुरे लुटली गेली की दूध जाते, आणि संकटात ज्यांच्याकडे हात पसरायचा ते सोयरेही तितकेच नागवे झालेले असतात.

हल्ला आला तेव्हा अनेक मुलगे गावाबाहेर वासरे राखत होते, म्हणून ते वाचले. परतायला गाव उरले नव्हते. सुमारे वीस हजार मुले, बहुतेक दिंका, थोडी शेजारच्या नुएर समाजाची, पायी इथिओपियाकडे निघाली. भूक, तहान, सिंह यांनी कितीतरी वाटेतच गेली. १९९१ मध्ये इथिओपियातली राजवट कोसळली तेव्हा त्यांना तिथूनही हाकलले गेले. गोळीबारात गिलो नदी ओलांडताना अनेक बुडाली. उरलेली केनियातल्या काकुमा छावणीत पोहोचली. त्यांतले सुमारे ३८०० तरुण पुढे अमेरिकेने सामावून घेतले.

त्याच १९९१ मध्ये बंडखोरांत फूट पडली. फुटून निघालेले बंडखोर नेते रिएक माचार यांच्या बाजूच्या नुएर सशस्त्र जमावांनी बोरच्या दिंकांची कत्तल केली. अॅम्नेस्टीच्या अंदाजाने दोन हजार माणसे मेली. दिंका आणि नुएर पूर्वीपासून एकमेकांची गुरे पळवत, तसेच आपसात सोयरीकही करत. भाल्याच्या लढाईला मर्यादा होती, ती बंदुकीने पुसली. याला जमातींचे जुने वैर म्हणून मोकळे होणे चुकीचे आहे. बंदुका, तेलाचा पैसा आणि नेत्यांची सत्तास्पर्धा नसती, तर त्या वैराला हे रूप आलेच नसते. वैराचा निवाडा करण्याची रीतही त्यांच्याकडे होती. १९९९ मध्ये चर्चच्या पुढाकाराने वुनलित येथे दोन्हीकडचे मुखिये, स्त्रिया आणि भाल्याचे मानकरी जमले. आधी प्रत्येक बाजूने आपले दुःख सांगितले, समोरच्याने ते ऐकले. मग एका पांढऱ्या वळूचा, मबिओरचा, बळी देऊन शपथा झाल्या.

पनवेलला ज्या ओएनजीसीची वसाहत आहे, तिच्याच विदेश शाखेने २००३ मध्ये सुदानच्या ग्रेटर नाईल तेलप्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला. त्या विहिरींच्या परिसरातून आधीच्या वर्षांत दिंका आणि नुएर या दोघांनाही हुसकावले गेले होते. तेलाबरोबर हा इतिहासही भारताकडे आला, ही गोष्ट इथे फारशी बोलली जात नाही.

जानेवारी २००५ च्या करारापर्यंत दुसऱ्या युद्धाने सुमारे वीस लाख बळी घेतले. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माचार यांच्यात फाटले, आणि जुबामध्ये कीर यांच्या फौजांनी नुएर नागरिकांना घरोघर शोधून मारले. कीर दिंका आहेत. ज्यांनी इतके सोसले, त्यांच्यातल्या सत्ताधाऱ्यांनी हे केले, आणि ते तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. काही दिवसांतच अकोबोच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर नुएर तरुणांनी हल्ला केला. आश्रयाला आलेल्या दिंकांचे रक्षण करताना दोन भारतीय सैनिक तिथे धारातीर्थी पडले. शांततेचा करार २०१८ मध्ये झाला.

दिंकांमध्ये एखादा पुरुष अविवाहित मेला, तर भाऊ त्याच्या नावाने गुरे देऊन लग्न करतो. होणारी मुले कायद्याने आणि नावाने त्या मृताची असतात. युद्धाने असे असंख्य अविवाहित तरुण मारले. त्यांचे वंश चालवायला आधी त्यांच्या भावांच्या गोठ्यात गुरे असावी लागतात.