कंपनीचें मत

कायद्याच्या दृष्टीनें कंपनी ही एक व्यक्ति आहे. तिला मालमत्ता धारण करतां येते, फिर्याद लावतां येते, तिच्यावरहि फिर्याद होऊं शकते. मात्र तिला भूक लागत नाहीं, तिचीं मुलें शाळेंत जात नाहींत आणि मृत्यूचें भय तिला ठाऊक नाहीं. अशा व्यक्तीला राजकीय मत असावें काय, व तें पैशाच्या रूपानें प्रकट करण्याची मोकळीक तिला द्यावी काय, हा प्रश्न विद्वानांच्या परिषदेपुरताच आहे असें कोणास वाटेल. परंतु गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा येथल्या जंगलपट्टींत राहून विचार करूं लागलें म्हणजे त्याचें सोवळेपण फार वेळ टिकत नाहीं.

या मुलखावर कंपनीनें प्रत्यक्ष राज्य केलेलें आहे. 1854 सालीं भोसल्यांचें नागपूर राज्य खालसा करून घेतलें तें ईस्ट इंडिया कंपनीनें. गंमत अशी कीं, तिचा व्यापार 1833 च्या सनदेनेंच संपला होता. तरी भागीदारांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या वसुलांतून मिळत राहिला. व्यापार बुडाला आणि नफा उरला! पुढें ज्या लोहमार्गावर सालेकसा स्टेशन उभें राहिलें ती बंगाल-नागपूर रेल्वेहि 1887 सालीं स्थापन झालेली कंपनीच. 1944 सालीं सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. तेव्हां कंपनी आणि सत्ता यांची सोयरीक आम्हांला नवी नाहीं.

वैशाखाच्या उन्हांत येथील बायामाणसें पहांटे रानांत जातात, तेंदूचीं पानें तोडतात, घरीं आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि सायंकाळीं फळीवर मोजून देतात. पानाचा भाव त्यांनीं ठरविलेला नसतो. 1969 च्या कायद्यानें महाराष्ट्रांत हा व्यापार सरकारी नियंत्रणाखालीं आला, तरी पान विकत घेऊन विडीच्या कारखान्यांत पोंचविणारा व्यापारी होता तेथेंच राहिला.

विडीच्या धनानें गोंदियाचें राजकारणहि घडविलें. मनोहरभाई पटेल या व्यवसायांत मोठे झाले, आमदार झाले, आणि त्यांनीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेली माणसें या जिल्ह्यांत घरोघर सांपडतील. हा उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांचे पुत्र प्रफुल्ल पटेल पुढें केंद्रांत मंत्री झाले. कृतज्ञता आणि मत यांची सरमिसळ येथें होत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु हा संबंध उघडा आहे. दाता कोण तें लोकांस ठाऊक असतें, त्याच्या वाड्यावर जाऊन भांडतां येतें, आणि त्याला पाडतांहि येतें. 2014 च्या लोकसभा निवडणुकींत भंडारा-गोंदियाच्या मतदारांनीं प्रफुल्ल पटेलांना पाडलेंच कीं. कंपनी उमेदवार म्हणून उभी राहत नाहीं, मग तिला पाडावें कोणीं आणि कसें?

हा धोका मुंबईच्या उच्च न्यायालयानें फार पूर्वीं ओळखला होता. 1957 सालीं टाटा आयर्न अँड स्टील कंपनीनें राजकीय पक्षांना देणग्या देतां याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रांत बदल मागितला. मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं कायद्यांत बंदी नाहीं म्हणून अनुमति दिली. पण ही प्रवृत्ति वाढल्यास लोकशाहीचा गळा आवळला जाईल असा इशारा देऊन संसदेनें लक्ष घालावें असें सुचविलें. संसदेचें लक्ष मोठें चंचल निघालें. 1969 सालीं अशा देणग्यांवर बंदी आली, 1985 सालीं ती उठली. 2013 च्या कायद्यानें गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली, 2017 सालीं तीहि काढून टाकली. 2018 सालीं निवडणूक रोखे आले आणि देणाऱ्याचें नांवच जनतेपासून झांकलें गेलें. 15 फेब्रुवारी 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते घटनाबाह्य ठरविले, अमर्याद देणगीची मुभाहि रद्द केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र 2010 सालीं उलट वाट धरली: निवडणुकीच्या प्रचारावर कंपनीनें स्वतंत्रपणें केलेला खर्च हें भाषणस्वातंत्र्यच होय, असें ठरविलें.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाहीं. समूहाला मत नाहीं म्हणावें, तर कामगार संघांचें काय? ग्रामसभेचें काय? आमचें उत्तर असें कीं, ग्रामसभेंत माणूस मोजला जातो, कंपनींत भाग मोजला जातो. दहा हजार भागांच्या धन्याला तेथें दहा हजार मतें, आणि एका भागाच्या विधवेला एक. शिवाय जिचा पैसा पक्षाला दिला जातो त्या भागधारकानें तो पक्षासाठीं दिलेलाच नसतो. त्याचें मत दुसऱ्याच पक्षाला असेल. कंपनीचें मत म्हणून जें पुढें येतें तें चार-पांच संचालकांचें मत, पण दुसऱ्यांच्या पैशाच्या बळावर मांडलेलें.

2006 च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजाची मालकी वनवासी समाजाला दिली आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला तेंदूपान स्वतः विकतां येतें, व भाव ठरवितांना पान तोडणारी बाई त्या सभेंत बसूं शकते. अर्थात् समोर व्यापारी आहेच, आणि त्याचें भांडवल तिच्या सभेपेक्षां मोठें आहे. हंगाम थोड्या आठवड्यांचा. व्यापारी लिलावाला फिरकला नाहीं, तर पान जाडें होऊन विडीच्या कामाचें राहत नाहीं. हें ग्रामसभेला ठाऊक आहे, आणि व्यापाऱ्यालाहि.