साखळ्या कोणी काढल्या?

टोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराचं 1876 सालचं एक चित्र मानसोपचाराच्या बहुतेक इतिहासांत भेटतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचं आवार. मधोमध उभ्या तरुण स्त्रीच्या अंगावरचं बंधन कोणीतरी सोडवतंय, डॉक्टर फिलिप पिनेल शांतपणे पाहतोय, एक बाई वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतेय. मुलांना सांगायला आयतीच गोष्ट: वेड्यांना साखळदंडात ठेवत, एक दयाळू डॉक्टर आला, त्याने ते काढले.

साखळ्या निघाल्या हे खरं. गोष्टीत माणूस तेवढा बदलला आहे.

पिनेल 1793 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात रुजू झाला, तेव्हा तिथल्या मनोरुग्णांचा विभाग झां-बातिस्त प्यूसें सांभाळत होता. हा मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळांचा रोगी म्हणून बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तिथेच नोकरीला लागला. रुग्णांवर हात उगारायचा नाही, अशी त्याची नोकरांना सक्त ताकीद होती. बरे झालेले रुग्ण तो मुद्दाम कामावर घेई. बायको मार्गेरीतही याच कामात. रुग्णाशी बोलावं कसं, हे पिनेल या दोघांकडे पाहून बरंच शिकला, आणि 1801 च्या आपल्या ग्रंथात प्यूसेंचं श्रेय त्याने मोकळेपणाने दिलं. बिसेत्रमधल्या साखळ्या प्यूसेंने काढल्या, 1797 मध्ये. तोवर पिनेलला साल्पेत्रिएरला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढे 1802 मध्ये त्याने प्यूसेंला आपल्याकडे बोलावून घेतलं.

पिनेलचा मुलगा सिपिओं आणि शिष्य एस्किरोल यांनी मग या हकिगतीची दंतकथा केली. नव्या वैद्यकशाखेला मूळपुरुष हवा होता, आणि तो डॉक्टरच असायला हवा होता. 1961 मध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोने वेगळीच शंका काढली: लोखंड गेलं, पण त्याच्या जागी धाक आणि अपराधाची जाणीव बसली नाही का? मला फूको इथे जरा निष्ठुर वाटतो. ज्याच्या घोट्याला बेडी आहे, त्याला हा फरक कळतो. तरी शंका पूर्ण झटकता येत नाही, कारण साखळीच्या जागी अंग आवळून टाकणारा बंदिस्त अंगरखा आला, आणि तो प्यूसेंनेच वापरला. 1977 मध्ये फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ ग्लादिस स्वेनने पिनेलची दंतकथा कशी रचली गेली ते उलगडून दाखवलं.

एवढा गुंता मुलांना झेपेल का, असं शिक्षक विचारतात. न झेपायला काय झालं? फळा मॉनिटरने सजवायचा आणि शाबासकी वर्गशिक्षकांना मिळायची, हे पाचवीतलं पोरही जाणतं. प्यूसें त्याला पिनेलपेक्षा लवकर कळेल. दयाळू डॉक्टरच्या गोष्टीत रुग्णाला हात चुंबण्यापलीकडे काही कामच नसतं. प्यूसेंच्या गोष्टीत कालचा रुग्ण आज दुसऱ्याची काळजी घेतो. अंगरख्याचा भागही गाळू नये. तो गाळला की काम 1797 मध्येच संपलं असं मुलांना वाटतं.

ते संपलेलं नव्हतं. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी गावात मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जागीच अडकून मेले. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधू नये, हे आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याला कलम 95 मध्ये वेगळं लिहावं लागलं.