नोकरी दिली, जागा दिली काय?



महापे, रबाळे, ऐरोलीच्या कचेऱ्यांत आपली मुले-मुली आज कामाला जातात. तेथे उद्या एखादी तृतीयपंथी व्यक्ती रुजू झाली, तर तिच्याशी आपले वर्तन कसे राहील?

कायद्याने आपले काम केले, असे कोणी म्हणेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई केली. पण तेवढ्याने भागते काय? २०१७ साली कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले. थोड्याच दिवसांत त्यांतल्या आठ जणांनी काम सोडले. मोठे कारण एकच : त्यांना कोणी भाड्याने खोली देईना.

वाचकहो, हे कारण आपल्याला नवे आहे काय? त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९१७ साली, बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. हुद्दा मोठा होता. पण शिपाई कागद दुरून फेकीत आणि शहरात राहावयास घर मिळेना. मित्रांनीही घरच्यांची आणि नोकरांची सबब सांगून हात वर केले. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले.

नेमणुकीचा कागद सरकार देते, कंपनी देते. पण डबा खाताना शेजारी बसणे, पाण्याचा ग्लास पुढे करणे, टवाळी करणाऱ्यास तेथेच गप्प करणे, हे सोबत्यांनीच करावयाचे असते. मैत्री म्हणतात ती हीच.

ज्यांच्या बापाला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्यांनी घणसोलीतली आपली खोली ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नाकारावी काय?