विघ्नाचे कारण

दिवेआगरात सुपारीच्या वाडीतल्या एखाद्या घरी संगणकावर चाललेली आरतीची चित्रफीत मध्येच अडावी, वडीलधाऱ्यांनी सुवर्णगणेशाला हात जोडावेत, नातवाने ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा आणि आरती सुरू व्हावी, तर श्रेय कोणाचे, हा वाद चेष्टेवारी नेण्याजोगा नाही; कारण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘मंगलवाद’ या नावाने याच प्रश्नाचा शतकानुशतके खल केला आहे. मंगलाचरणाने ग्रंथ सिद्धीस जातो म्हणावे, तर मंगल करूनही अपुरे राहिलेले ग्रंथ आहेत आणि नास्तिकांचे मंगलावाचून पुरे झालेलेही आहेत. त्यावर विश्वनाथ पंचाननांनी ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त नोंदवलेला नव्य नैयायिकांचा पक्ष मला मार्मिक वाटतो: मंगलाचे फळ विघ्ननाश एवढेच, समाप्ती होते ती बुद्धी, प्रतिभा इत्यादी कारणसामग्रीने.

संगणकापुढे बसलेला माणूस हा विवेक सहसा पाळत नाही. तो एका दमात कॅशे पुसतो, राउटर बंद-चालू करतो, ब्राउझर बदलतो, आणि चित्र आले की शेवटच्या कृतीला कारण ठरवतो. घटाच्या कारणांत माती वाहणाऱ्या गाढवाची गणना शास्त्र करीत नाही, येथे मात्र ते गाढव बिनतक्रार मुख्य कारण होऊन बसते. वास्तविक आवाज नीट येत असून पडदा काळा असेल, तर संशय प्रथम ग्राफिक्सवर घ्यावा; ब्राउझरच्या सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन तेवढे बंद करावे, बाकी कशाला हात लावू नये, चित्र दिसू लागल्यावर तेच पुन्हा चालू करावे, आणि पडदा परत काळा झाला तरच रुजवात पुरी झाली म्हणावे.

याहून मौजेचा प्रकार घड्याळाचा. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असून वीज गेली, म्हणजे जुना संगणक कित्येक वर्षे मागच्या तारखेला जागा होतो, संकेतस्थळाच्या सुरक्षा-दाखल्याची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असे ठरवून ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो, आणि घरची मंडळी नेटवाल्याला बोल लावीत राहतात. काळाचा विषय निघालाच आहे, तर नैयायिक काल आणि ईश्वर या दोहोंना सर्व कार्यांची साधारण कारणे मानतात. पण जे सर्वच कार्यांना कारण, ते चित्र अडण्यालाही तितकेच कारण, म्हणून चित्र सुरू झाल्याचे खास श्रेय ईश्वराला देता येत नाही, हे भाविकांना कठोर वाटले तरी शास्त्राला धरून आहे.

मग हात जोडण्याचे काय? १९९७ साली दिवेआगरातल्या एका वाडीत जमिनीखालून तांब्याच्या पेटीत निघालेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा खून करून नेला. फिर्याद झाली, तपास झाला, वितळवलेले सोने मुद्देमाल म्हणून जमा होऊन अखेर न्यायालयामार्फत परत आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला. विघ्नहर्त्यावरच विघ्न आले म्हणून पूजा निरर्थक, किंवा पूजा आहे म्हणून फिर्याद अनावश्यक, असे गावात कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मंगलाचे फळ प्रयोगाने दाखवता येत नाही हे नैयायिक जाणून होते, म्हणून त्यांनी त्याचा आधार शिष्टांच्या आचारावरून अनुमानिलेल्या श्रुतीत शोधला. आधुनिकांस ही पळवाट वाटेल, मला ती आपल्या हद्दीची प्रामाणिक आखणी वाटते.