मोकळ्या जागेचे पुण्य



देणगीदार मंडळी कार्यालयात पुष्कळदा विचारतात, "अंगणातील उरलेली माती फरशीने का झाकत नाही? खर्च आम्ही देतो." हेतू निर्मळ असतो. तरीही मनात प्रश्न उरतो : जे बांधले तेवढेच पुण्य, आणि जे मोकळे राखले ते व्यर्थ, असे आहे काय?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. पाहणाऱ्यास ते ओसाड वाटतात. परंतु तेथे एक लहानसा टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, राहतो. अंगावरील वाघासारख्या पट्ट्यांवरून सन २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यास 'झँथोफ्रायनी टायग्रीना' हे नाव दिले. पावसाळ्याच्या आरंभी कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात त्याची मादी अंडी घालते. आंबोली व सभोवतालचा थोडा भाग एवढेच त्याचे जग. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जीवांत केली आहे. रस्त्यावरील वाहनांखालीही तो चिरडला जातो.

आंबोलीतच हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आहे. तेथील पाण्यातून सन २०२० मध्ये माशाच्या एका नव्या जातीची नोंद झाली व सन २०२१ मध्ये शासनाने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ घोषित केला. मासा देवाच्या पायाशी होता. टोडाच्या डबक्याजवळ देऊळ नाही. मग आपले कर्तव्य आवाराच्या भिंतीशीच संपते काय?

कोणी म्हणेल, माणसे उपाशी असता बेडकाची चिंता कशाला? आक्षेप खरा आहे. अन्नदान प्रथमच हवे. परंतु हा जीव आपल्याकडे धान्य वा पैसा मागत नाही. त्याची जागा झाकू नये, एवढेच मागतो. देणे कठीण असेल. न घेणे तर सर्वांस शक्य आहे.

भाविकांसाठी निवारा, स्वच्छतागृहे बांधावीच लागतात. मात्र गरज आणि हौस यांतील भेद ओळखावा. मोकळ्या मातीवर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे खरे. पण आपल्या अंगणातही पहिल्या पावसानंतर रात्री बेडकांचा आवाज उठतो. ज्या दानास पाटी नाही, त्याची नोंद तेथे होते, असे आम्ही मानतो.