हसवण्याचा योग : जंध्याला यांचा हास्यविचार

हसणे हा भोग, हसवणे हा योग आणि हसू न शकणे हा रोग, असे तेलुगू चित्रपट-दिग्दर्शक जंध्याला मानत. त्यांचे हे म्हणणे तेलुगू भाषकांच्या घरोघरी पोहोचले आहे. यातला पहिला आणि शेवटचा भाग सहज पटतो. मधला दावा मात्र मोठा आहे. योग म्हटला की संयम आला, अहिंसा आली, फळाविषयीची अनासक्ती आली. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला हसवण्याच्या व्यवसायात यातले काय टिकते, हे जंध्यालांच्या चित्रपटांतूनच तपासावे लागते.

या विचाराला जुनी पार्श्वभूमी आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले : स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणे ते परस्थ. पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगून त्याने त्या उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींत वाटून दिल्या. अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले. जे जिथे शोभत नाही ते तिथे आले की हसू फुटते. नैतिक अडचण इथेच उभी राहते. अनौचित्य कोणाचे तरी असावे लागते, म्हणजे कोणी तरी हास्यास्पद ठरल्याशिवाय हास्य नाही. समर्थ रामदासांनी विनोदाच्या आवडीला दासबोधात टवाळीच्या पंक्तीला बसवले, त्यामागेही हीच शंका असावी.

जंध्याला सुब्रह्मण्य शास्त्री यांचा जन्म 14 जानेवारी 1951 रोजी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापुरम येथे झाला. नाट्यलेखन करत ते चित्रपटात आले आणि आधी गाजले ते संवादलेखक म्हणून. एन. टी. रामाराव यांच्या ‘अडवि रामुडु’ (1977) आणि ‘वेटगाडु’ (1979) या धंदेवाईक यशाच्या चित्रपटांचे संवाद त्यांचे, आणि के. विश्वनाथ यांच्या ‘शंकराभरणम्’ (1980) व ‘सागर संगमम्’ (1983) यांचेही त्यांचेच. संगीताला उपासना मानणाऱ्या वृद्ध गायकाच्या तोंडी शब्द घालणारा लेखक पुढे विनोदाकडे वळला, हे विसरता कामा नये. कलेला साधना मानण्याची भाषा त्याच्यासाठी उसनी नव्हती.

दिग्दर्शनाची सुरुवात ‘मुद्द मंदारम’ (1981) या प्रेमकथेने झाली. ‘नालुगु स्तंभालाट’ (1982) मध्ये वीरभद्र राव आणि वेलू ही जोडी इतकी लोकप्रिय झाली की समोरच्याला बोलून बोलून पिळणाऱ्यासाठीचा ‘सुत्ति’ हा शब्द दोघांच्या नावांना कायमचा चिकटला. ‘आनंद भैरवी’ (1983) मध्ये गिरीश कार्नाड कुचिपुडीच्या गुरूच्या भूमिकेत होते. त्यानंतर ‘श्रीवारिकी प्रेमलेख’ (1984), ‘चंटब्बाई’ (1986), ‘अहा ना पेळ्ळंट’ (1987), ‘विवाह भोजनंबु’ (1988) असा विनोदी चित्रपटांचा ओघ लागला. शेवटची दोन नावे ‘मायाबझार’ (1957) या पौराणिक चित्रपटातल्या गाण्यांवरून घेतलेली आहेत. घटोत्कचाच्या मायेने कौरवांची फजिती करणारी ती कथा तेलुगू रसिकाच्या मनात पुराण आणि विनोद यांना एकाच पाटावर बसवते, आणि जंध्याला याच घरातले होते. 19 जून 2001 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पात्रांकडे पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ‘श्रीवारिकी प्रेमलेख’मधली श्रीलक्ष्मीने रंगवलेली बाई पाहिलेला सिनेमा श्रेयनामावलीपासून सांगू लागते, आणि ऐकणाऱ्याची सुटका नसते. ‘अहा ना पेळ्ळंट’मध्ये कोटा श्रीनिवास राव यांचा लक्ष्मीपती छताला कोंबडी टांगतो आणि तिच्याकडे पाहत पाहत कोरडा भात खातो. या माणसांचे अनौचित्य त्यांच्या रूपात, जातीत किंवा गरिबीत नाही. प्रत्येकाला एका गोष्टीने झपाटले आहे. धर्मग्रंथ ज्याला आसक्ती म्हणतात आणि दुःखाचे कारण मानतात, तीच इथे हास्याचे कारण होते. लक्ष्मीपतीने संचय केला आहे, पण भोगण्याची शक्ती गमावली आहे. कोंबडी त्याच्यासमोर आहे आणि त्याची नाही. लोभाविषयीचे एखादे प्रवचन जे तासभर समजावते ते हे दृश्य मिनिटभरात दाखवते, आणि तेही त्या माणसाचा द्वेष न शिकवता. प्रेक्षक हसतो तेव्हा त्याला आपल्याही घरातली एखादी बंद पेटी आठवत असते.

पण अहिंसेची कसोटी इतक्यावर पार होत नाही. याच चित्रपटात लक्ष्मीपतीचा नोकर अरगुंडू आहे, अर्धे डोके भादरलेला. तेलुगूचे अध्यापन करणारे ब्रह्मानंदम या भूमिकेने घरोघरी पोहोचले. इथे हसू त्याच्या ध्यानावर आणि लाचारीवरही येते, आणि भरताने सांगितलेल्या विकृत वेषाच्या हास्यापासून ते फार दूर नाही. नव्या नव्या शिव्याशापांचा आणि खरडपट्टीचा जो खजिना जंध्यालांनी तेलुगूला दिला, त्यातही बोचरेपणा आहेच. अरगुंडूच्या चडफडाटामुळे मालकाचा चिक्कूपणा अधिक उघडा पडतो, हे खरे. तरीही केशकर्तनाची थट्टा निखळ म्हणता येणार नाही. जंध्यालांचे हास्य सर्वत्र निर्मळ होते असे सांगणारे त्यांचे चाहते या जागी डोळे मिटतात.

राहिली अनासक्ती. गीतेचा कर्मयोग कर्म सोडायला सांगत नाही, फळावरची आसक्ती सोडायला सांगतो. चित्रपटात निर्मात्याचा पैसा गुंतलेला असतो, त्यामुळे फळाची चिंता सुटणे अवघड. पण भरताच्या भेदांकडे पुन्हा वळले की जंध्यालांचा दावा निराळ्या अर्थाने उभा राहतो. त्यांची पात्रे सहसा हसत नाहीत. लक्ष्मीपती आपला हिशेब गंभीरपणे मांडतो, सिनेमा सांगणारी बाई आपल्या कथेत मनापासून बुडालेली असते. आपण विनोद करतो आहोत याची जाणीव नटाने दाखवली की दृश्य फसते. ते दृश्य लिहिणाऱ्यालाही स्वतःच्या चातुर्यावर हसण्याचा मोह आवरून त्या वेड्या माणसाच्या तर्काने शेवटपर्यंत चालावे लागते. भोग सगळा प्रेक्षकाच्या वाट्याला जातो आणि हसवणारा आत्मस्थ हास्यापासून दूर राहतो. पतंजलीच्या अर्थाने हा योग ठरत नाही, कारण इथे चित्तवृत्ती थांबवायच्या नसून दुसऱ्याच्या वेडात एकाग्र करायच्या असतात. पण एकाग्रता आणि स्वतःला मागे ठेवणे ही साधनेची दोन अंगे त्यात पुरेपूर आहेत, आणि ‘शंकराभरणम्’मधल्या गायकाच्या रियाजालाही तीच लागतात.